गाडी अर्धी रिकामी का जाते, ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखाद्या कंपनीने गोदामाच्या छतावर सौर पॅनल बसवले किंवा इलेक्ट्रिक टेम्पो घेतले, की त्याची बातमी फोटोसकट छापून येते. अशा बातम्या मी आवडीने वाचते आणि त्या कामांचं मला मनापासून कौतुक आहे. पण माझं काम डिस्पॅच प्लॅनिंगचं. कुठला माल कुठल्या गाडीत, कुठल्या दिवशी, कुठल्या रस्त्याने जाणार, हे ठरवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते या बातम्यांत येत नाही, म्हणून हे पत्र. मालवाहतुकीतलं बरंचसं प्रदूषण गाडी डॉकला, म्हणजे माल चढवायच्या फलाटाला, लागायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. विक्री विभागातलं कुणीतरी ग्राहकाला फोनवर 'उद्या पोचवतो' म्हणतं, त्या क्षणी.

आधी थोडा हिशेब मांडते. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरभर डिझेलचं वजन किलोभरही नसतं, मग धूर पावणेतीन किलो कसा, असं मला नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन त्यात येतं. आता गाडीचं बघू. मोठा ट्रक पूर्ण रिकामा धावला तरी भरलेल्या ट्रकच्या जवळपास दोन-तृतीयांश इंधन पितो, कारण गाडीचं स्वतःचं वजन, टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा कुठे जात नाही. उदाहरणासाठी रिकामी गाडी शंभर किलोमीटरला २४ लिटर आणि भरलेली ३४ लिटर धरा. अर्धी भरलेली साधारण २९ लिटर घेईल. एका गाडीत मावणारा माल दोन अर्ध्या गाड्यांनी पाठवला, तर ३४ च्या जागी ५८ लिटर लागले. म्हणजे दर शंभर किलोमीटरला २४ लिटर जास्त, जवळपास ६५ किलो कार्बन डायऑक्साइड. माल तेवढाच, ग्राहक तोच, रस्ताही तोच.

हे २४ लिटर वाचवायला कुठलंही नवं यंत्र लागत नाही, फक्त एक दिवस थांबायची तयारी लागते. आणि नेमकी तीच मिळवणं कठीण असतं.

महिन्याचे पहिले दहा दिवस आमचे डॉक निम्मे मोकळे असतात. शेवटच्या आठवड्यात मात्र गाड्या मिळत नाहीत, मिळतील त्या घ्याव्या लागतात, हमालांना जादा पाळी करावी लागते आणि फाटकाबाहेर रांग लागते. ग्राहकाची गरज महिन्याच्या शेवटीच अचानक वाढते असं अजिबात नाही. विक्रीचं टार्गेट महिन्यावर मोजलं जातं, बिल निघाल्याशिवाय विक्री धरली जात नाही आणि माल बाहेर पडल्याशिवाय बिल निघत नाही. म्हणून ३० तारखेला रात्री अर्धी गाडी सुटते, आणि त्याच दिशेचा उरलेला माल ३ तारखेला दुसऱ्या अर्ध्या गाडीतून जातो. पर्यावरणाचा वार्षिक अहवाल लिहिणाऱ्या विभागाला हे ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांना त्या अहवालाच्या बैठकीला कुणी बोलावत नाही.

रांगेचंही सांगते. फाटकाबाहेर उभा असलेला जड ट्रक इंजिन चालू ठेवून तासाला साधारण तीन लिटर डिझेल जाळतो. ड्रायव्हर इंजिन बंद का करत नाही, असं ऑफिसात बसून विचारणं सोपं आहे. उन्हात केबिन तापते, पुढची गाडी दर थोड्या वेळाने दोन हात सरकते, आणि जागा गेली तर आजचा दिवस गेला ही धास्ती असते. प्रत्येक गाडीला वेळ ठरवून दिली आणि ती आपण पाळली, तर रांगच उरत नाही. 'आपण पाळली' हे मी मुद्दाम म्हणते. वेळेवर आलेल्या ड्रायव्हरला माल तयार नाही म्हणून ताटकळत ठेवलं, की पुढच्या खेपेला तो त्या वेळेवर विश्वास ठेवत नाही, आणि सगळे पुन्हा पहाटेपासून येऊन उभे राहतात. ड्रायव्हरांसाठी सावलीची बसायची जागा, पाणी आणि स्वच्छतागृह असेल तर इंजिनं आपोआप बंद होतात, हे मी पाहिलेलं आहे. असा खर्च कुठल्याही हरित योजनेत लिहिलेला मात्र मी वाचलेला नाही.

मी पूर्वी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही एक प्रयोग केला. एका दिशेच्या सगळ्या ग्राहकांना आठवड्यातले दोन ठरलेले वार दिले. त्या वारांना गाडी नक्की येणार, मधल्या दिवशी येणार नाही. विक्रीतले सहकारी सुरुवातीला चिडले. ग्राहक तुटतील, असं त्यांचं म्हणणं. प्रत्यक्षात बहुतेक ग्राहकांना हे आवडलं. त्यांच्याकडेही माल उतरवून घ्यायला माणसं लागतात, जागा लागते. कधी येणार हे नक्की असेल तर त्यांनाही त्यांचं नियोजन करता येतं. 'लवकर' पेक्षा 'नक्की' त्यांना हवं होतं, आणि हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. खरोखर तातडीची मागणी असते ती निराळीच. औषध असेल, बंद पडलेल्या यंत्राचा सुटा भाग असेल, तर गाडी रिकामी जाऊ दे, पण आत्ता जाऊ दे. असा माल एकूण मालात थोडाच असतो. बाकीच्या मालावर 'अर्जंट' चा शिक्का सवयीने मारला जातो. हा शिक्का मारणाऱ्याला त्याचा जादा खर्च आणि जादा इंधन त्याच्याच विभागाच्या खात्यावर दिसू लागलं, की शिक्के आपसूक कमी होतात.

हीच गोष्ट समुद्रावर अधिक मोठ्या प्रमाणात दिसते. जहाजाला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर प्रवास लांबतो, तरीही तेवढ्याच अंतराला इंधन जवळपास १९ टक्के कमी लागतं. २००८ च्या मंदीनंतर मोठ्या जहाज कंपन्यांनी वेग उतरवला तो मुख्यतः पैसे वाचवायला, पण धूरही त्यातूनच घटला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट तिने २०२३ मध्ये ठरवलं. हे नियम जहाजवाल्यांना लागू आहेत. पण माल पाठवणाऱ्या कंपनीला स्वतःच्या हातात काय आहे, असं विचाराल तर माझं उत्तर एकच: आठवडाभर आधी ऑर्डर द्या. कच्च्या मालाचा अंदाज चुकला, जहाज गेलं, कारखाना थांबायची वेळ आली, की मग तोच माल विमानाने मागवतात. दर टन-किलोमीटरला, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेताना, विमानाचं उत्सर्जन मालवाहू जहाजाच्या किमान तीस-चाळीस पट असतं. वर्षभर गोदामातले दिवे बदलून जे वाचवलं ते विमानाच्या एका खेपेत जाऊ शकतं. म्हणून मला विचाराल तर मागणीचा अंदाज बांधणारा माणूस हा कंपनीतला पर्यावरणाचा सगळ्यात मोठा कार्यकर्ता आहे, आणि त्याला ते कुणीतरी सांगायला हवं.

'आमच्या स्वतःच्या गाड्याच नाहीत, सगळं ट्रान्सपोर्टरकडे आहे' असं अनेक कंपन्या अभिमानाने सांगतात, जणू त्यामुळे धूर त्यांचा राहत नाही. उत्सर्जन मोजण्याची जी पद्धत जगभर वापरतात, त्या ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलमध्ये भाड्याच्या वाहतुकीचा हिशेब तिसऱ्या व्याप्तीत, म्हणजे इतरांकडून होणाऱ्या पण आपल्या कामामुळे घडणाऱ्या उत्सर्जनाच्या 'स्कोप थ्री'मध्ये येतो. त्याच्या पंधरा वर्गांपैकी चौथा आणि नववा वर्ग वाहतूक व वितरणासाठीच आहेत. मोजायचं कसं, याचंही आता उत्तर आहे. २०२३ मध्ये आयएसओ १४०८३ हे प्रमाणक आलं. मालाने कापलेल्या प्रत्येक टप्प्याचं, मधल्या गोदामांसकट, उत्सर्जन कसं काढायचं ते त्यात दिलं आहे. मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की रिकाम्या फेऱ्याही हिशेबात धराव्या लागतात आणि इंधन तयार करण्यात झालेलं उत्सर्जनही. माल उतरवून गाडी रिकामी परत आली, तो परतीचा धूर कुणाचाच नाही असं मग म्हणता येत नाही.

युरोपातल्या ट्रकांनी कापलेल्या किलोमीटरांपैकी साधारण एक-पंचमांश किलोमीटर रिकाम्या गाडीचे असतात, आणि तिथे तर नोंदी चांगल्या ठेवतात. परतीचा माल मिळवून देणं हे ट्रान्सपोर्टरचं काम, असं म्हणून आपण हात झटकतो. पण आपण त्याला काय देतो ते बघा. सर्वांत कमी दराला काम, आदल्या रात्री गाडीची मागणी, आणि माल उतरवायला लागेल तेवढा वेळ. अशा अटींवर तो परतीचं भाडं ठरवणार कसं? गाडी कधी मोकळी होणार हेच त्याला माहीत नसतं. त्याला दोन-तीन दिवस आधी मागणी कळवली, उतरवायची वेळ बांधून दिली आणि करार वर्षाच्या जागी तीन वर्षांचा केला, तर तो परतीचा माल शोधतो, चांगले टायर घालतो, नवी गाडी घ्यायला कर्ज काढायचं धाडस करतो. इलेक्ट्रिक ट्रक घ्या असा आग्रह धरायचा आणि करार मात्र वर्षाचा द्यायचा, हे अन्यायाचं आहे. शेजारच्या कंपनीचा माल आपल्या गाडीत घेण्याबद्दलही असंच. दोघांचा माल एकाच दिशेला, दोघांच्या गाड्या अर्ध्या, तरी एकत्र पाठवायचं नाही. का, तर आपले ग्राहक कोण ते त्यांना कळेल. आपले ग्राहक कोण हे त्यांना बहुधा आधीच ठाऊक असतं.

गाडी भरलेली दिसते पण आत हवा असते, हा आणखी एक प्रकार आहे, आणि माझ्या मते सगळ्यात सहज दुरुस्त होणारा. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या चौकटीवर, ६०० बाय ४०० ची खोकी एका थरात बरोबर पाच बसतात, एक बोटही जागा वाया जात नाही. खोकं ६२० बाय ४२० चं केलं, तर पॅलेटबाहेर न काढता थरात फक्त तीन बसतात. दोन सेंटिमीटरांपायी पाचावरून तीनावर! तो दोन सेंटिमीटरचा निर्णय खोक्याचं डिझाइन करणाऱ्याने संगणकावर घेतलेला असतो, त्याने पॅलेट कधी हाताळलेलं नसतं. त्याला एक दिवस थप्पी लावायला डॉकवर पाठवा, अशी मी प्रत्येक ठिकाणी मागणी केली आहे. कुरिअरच्या पार्सलचंही तसंच आहे. तीस सेंटिमीटर बाजूचं चौकोनी खोकं प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटरने लहान केलं तर घनफळ ४२ टक्क्यांनी कमी होतं. कुरिअरवाले वजन घनफळावरून धरतात तेव्हा, घन सेंटिमीटरमधल्या घनफळाला ५००० ने भागायच्या हिशेबाने त्याचं आकारलं जाणारं वजन ५.४ किलोवरून ३.१ किलोवर येतं, आत वस्तू किलोभराचीच असली तरी. खोकं नेमकं असलं की आत भरायला बबल रॅप आणि हवेच्या पिशव्याही कमी लागतात. गोदामात आलेल्या खोक्यांचा पुठ्ठा कापून भरण म्हणून वापरता येतो, पॅलेटला प्लॅस्टिकच्या फिल्मऐवजी पुन्हा वापरता येणारी वेष्टणं येतात. हे सगळं करण्यासारखं आहे, पण आधी खोक्याचं माप.

गोदामाच्या इमारतीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. ४०० वॉटच्या जुन्या मेटल हॅलाइड दिव्याच्या जागी त्याहून निम्म्या वॉटचा एलईडी पुरतो, आणि माणूस असेल तेव्हाच तो पेटावा असा सेन्सर लावला तर रॅकमधल्या गल्ल्या रात्रभर उजळून राहत नाहीत. डॉकचे दरवाजे गाडी लागली की उघडावेत आणि गाडी सुटली की बंद व्हावेत. छतावर सौर वीज असेल तर फोर्कलिफ्टचं चार्जिंग दुपारी करायला हवं; लिथियम बॅटरीला जेवणाच्या सुट्टीतही चार्जिंग चालतं. जुन्या लेड-अॅसिड बॅटरीला सलग आठ तास लागतात, त्यामुळे ती रात्री लावली जाते आणि छतावरच्या दुपारच्या विजेचा तिला उपयोग होत नाही. पॅनलची बातमी येते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारलेला मी पाहिला नाही.

शीतगृहाबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. तिथे विजेच्या बिलाइतकीच काळजी गळतीची करायला हवी. आर-४०४ए नावाचा शीतकारक वायू अनेक ठिकाणी अजून वापरात आहे. त्याची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ३,९०० पटींच्या आसपास आहे. एक किलो गळला तर जवळपास साडेचौदाशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्यासाठी २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत करार झाला, तो २०१९ पासून अमलात आहे. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड हे पर्याय जुने आणि अनुभवसिद्ध आहेत. अमोनिया विषारी आहे, त्याला शिकलेली माणसं आणि कडक सुरक्षा लागते, हेही तितकंच खरं. पण आहे त्या यंत्रणेत दर महिन्याला गळती तपासायला कुठल्या कराराची वाट पाहावी लागत नाही. 'गॅस कमी झाला, भरून घेतला' एवढीच नोंद जिथे असते तिथे तो गॅस कुठे गेला हे विचारणारं कुणी नसतं. गोठवलेल्या अन्नासाठी जगभर उणे १८ अंश धरतात. ते शून्य अंश फॅरनहाइटचंच सेल्सिअस रूप आहे. ते उणे १५ करता येईल का, यासाठी २०२३ च्या हवामान परिषदेच्या वेळी काही कंपन्या एकत्र आल्या. प्रत्येक पदार्थाला ते चालेलच असं नाही, कायदाही पाहावा लागेल, पण प्रश्न विचारला गेला याचा मला आनंद झाला.

इलेक्ट्रिक गाड्यांना माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. ठरलेला रस्ता, रोजच्या फेऱ्या, रात्री गोदामात परत, अशा कामाला त्या उत्तम आहेत, आणि गोदामाजवळ राहणाऱ्यांच्या छातीत जाणारा धूर त्यांनी थांबतो. पण अर्धी रिकामी इलेक्ट्रिक गाडी अर्धी रिकामीच असते. तिला वीज लागते, टायर झिजतात, रस्त्यावर जागा लागते. आधी फेऱ्या कमी केल्या तर गाड्या कमी घ्याव्या लागतील, आणि मग त्या इलेक्ट्रिक घेणं परवडेल. हा क्रम उलटा झालेला मी पाहते तेव्हा वाईट वाटतं.

संपादक महोदय, आपल्याकडे कंपन्यांची हरित पत्रकं रोज येत असतील. ती छापण्यापूर्वी आपल्या वार्ताहरांनी तीन आकडे मागावेत, ही माझी विनंती. गेल्या वर्षी गाड्या सरासरी किती टक्के भरून गेल्या, एकूण किलोमीटरांपैकी किती रिकामे होते, आणि किती माल ऐन वेळी विमानाने गेला. हे आकडे डिस्पॅच विभागाकडे असतात, चलनांवरून आणि ट्रान्सपोर्टरच्या बिलांवरून एका आठवड्यात निघतात. जी कंपनी ते देईल तिची बातमी पहिल्या पानावर छापा, आकडे वाईट असले तरी. जी देणार नाही, तिच्या सौर पॅनलच्या फोटोखाली 'आकडे मागितले, मिळाले नाहीत' एवढी एक ओळ छापावी.

आपली,
डिस्पॅच विभागात काम करणारी एक वाचक